डाल्याखालची येळवस

हरभऱ्याचे शेंडे खुडले की बोटांना आंब लागते, आणि त्या आंबट वासाबरोबर मला हटकून मांजराच्या मलमाची आठवण येते. मलम मी कधी चाटून पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या मुरूम गावच्या लोकांचा भरवसा नाही, उद्या मी शिकवतो त्या शाळेत पोरं विचारतील.

परवा शाळा सुटल्यावर शेताकडे वळलो तर बांधावर अण्णा, म्हणजे माझे वडील, कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करत होते. येळवस जवळ आली. पंचांगात ती मार्गशीर्षातली अमावास्या असेल, वेळअमावास्या असेल; आमच्या तोंडी ती येळवसच. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळी घरं कुलूप लावून शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील शिंपडायची आणि मग दिवसभर पालेभाज्या-डाळींची घट्ट भज्जी आणि भाकरी हाणायची. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं. हरभरा घाट्यावर आलेला असतो, ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली असते, उन्हात बसावं तर पाठ भाजते आणि सावलीत बसावं तर थंडी वाजते.

मला पाहून अण्णा पेंढी धरूनच म्हणाले, "ह्या बारीला डालं आणायचं का रं?"

आणि एकटेच हसले. अण्णांना असं हसताना मी लहानपणी फारसं पाहिलेलं नाही. ते एसटीत डायव्हर होते. कायम मुक्कामी गाडीवर. घरी आले की जेवायचे, झोपायचे आणि पुन्हा जायचे. निवृत्त झाल्यावरही त्यांना घरात टेकता येत नसे. कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, स्टँडवर, जिथून पुढे कुठंतरी जाता येतं अशाच जागी त्यांना बरं वाटे. हा माणूस दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका मांजरीपाशी बसला, आणि आमच्या घरातली एक जुनी गोष्ट त्यामुळं हलली.

मांजरीचं नाव बेक्कू. हे आमच्या शेजारच्या शिवलीलाकाकूंनी ठेवलं. काकूंचं माहेर कर्नाटकातलं, त्यांच्या घरात निम्मं कन्नड चालतं. भिंतीवर हे करडं पिल्लू पहिल्यांदा बसलं तेव्हा त्या नुसतं "अय्यो, बेक्कू!" म्हणाल्या आणि आम्ही तेच उचललं. कन्नडमध्ये बेक्कू म्हणजे मांजर. तेव्हा आमच्या मांजरीचं नाव मांजर आहे. पण आई त्यात इतकी माया घालून हाक मारायची की ते नाव दुसऱ्या कुठल्या मांजराचं असेल असं कधी वाटलं नाही.

बेक्कू वयात आली तशी तिची बाळंतपणं सुरू झाली. धान्याच्या कोठीमागं, माळ्यावर, एकदा तर माझ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर. पिल्लं जगत नसत. काही बोक्यानं नेली, काही रस्त्यावर गेली. नंतर ती घरभर ओरडत हिंडायची, रिकाम्या टोपल्यांत डोकं घालून बघायची. आई तिच्यामागं वाटी घेऊन फिरायची. शेवटच्या खेपेला आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बास झालं आता. लई झिजली ही. हिचं ऑपरेशन करून आणा."

आणि नेमकं त्याच वेळी आईला पुण्याला जावं लागलं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण ताईला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं. मग माहेरच पुण्याला गेलं. दोन डबे लाडू, ओवा, शेपा, जुन्या सुती लुगड्यांची बोचकी घेऊन आई गाडीत चढली आणि खिडकीतून तिनं अण्णांना सांगितलं, "म्या येईपोत्तर ती धडधाकट पायजे. तुमच्यावर सोडून चाललेव. ह्याच्यावर न्हाय." 'ह्याच्यावर' म्हणताना माझ्याकडं हात होता. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळं मला आमच्या घरात कुठल्याच कामाला धरत नाहीत.

धाराशिवला एक डॉक्टरीणबाई मांजरांची ऑपरेशनं करतात असं कळलं होतं. भाजीच्या क्रेटवर जाळी बांधून, आत आईचं जुनं स्वेटर घालून आम्ही बेक्कूला एसटीत बसवलं. अण्णांना सगळे ओळखतात, पुढची सीट मिळाली. कंडक्टर जवळ येऊन क्रेटमध्ये वाकून बघत म्हणाला, "अण्णा, हिचं तिकीट?"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "बाईमाणूस हाय ती. अर्धं फाड."

सगळी गाडी हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांचा एक हात धाराशिव येईपर्यंत जाळीवर होता आणि गाडीनं खड्डा घेतला की ते डायव्हरकडं असं बघायचे की त्या बिचाऱ्यानं पुढचे खड्डे चुकवून चुकवून नेले.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी तिला आमच्या हातात दिली तेव्हा मात्र आमचे दोघांचे चेहरे उतरले. डोळे उघडे, पण बघत नव्हती. जीभ जराशी बाहेर. पोटावरचे केस काढलेले, गुलाबी कातडीवर टाक्यांची बारीक ओळ. अण्णा हळूच म्हणाले, "हिला काय केलंय रे हे?" डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. भूल उतरतेय, म्हणाल्या. आठवडा-दहा दिवस उड्या मारू द्यायच्या नाहीत, जखम ओली होऊ द्यायची नाही, चाटू तर अजिबात द्यायची नाही. चाटली तर टाके उसवतील आणि मग सगळं पहिल्यापासून, कदाचित त्याहून वाईट. त्यासाठी त्यांनी गळ्यात घालायला प्लास्टिकची गोल कॉलर दिली. अण्णांनी तिला लगेच नाव दिलं, नरसाळं.

इथून आमचं अडाणीपण सुरू झालं. पुरुषांचं म्हणा. आमच्या भागात बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही. बाळंतपण माहेरी, म्हणजे नवऱ्याला तर त्यातलं काहीच दिसत नाही. सव्वा महिन्यानं बायको परत येते ती चालती-बोलती, कडेवर मूल घेऊन. मधल्या दिवसांत तिचं काय होतं, ती कशी उठते, कशी बसते, हे सगळं धुरीच्या वासाबरोबर दाराच्या फटीतून जेवढं येईल तेवढंच ठाऊक. अण्णांना दोन मुलं आहेत, पण पोटाला टाके घातलेलं बाईमाणूस कसं जपायचं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी तर काय बोलावं.

आईला फोन करून विचारावं तर अण्णांना ते कमीपणाचं वाटत होतं. मग ते भिंतीपाशी उभे राहून शिवलीलाकाकूंना विचारायचे, आणि तेही आडून आडून.

"काकू, बाळंतिणीला काय काय देत्यात वो?"

"कोण बाळंत झालंय अण्णा?"

"पोरगी हुईल की पुण्याला. सहज इचारायलोय."

काकू भाबडेपणानं सगळं सांगत राहिल्या. डिंकाचा लाडू, आळिवाची खीर, वर तूप. अण्णांनी लाडू दुधात कुस्करून बेक्कूपुढं ठेवला. तिनं हुंगून तोंड फिरवलं. अण्णांनी बोटानं तिच्या ओठाला लावलं तेव्हा थोडं गेलं पोटात, आणि त्याचा परिणाम मला दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर पुसावा लागला. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काकू हेही म्हणाल्या होत्या की बाळंतिणीचं पोट घट्ट बांधावं लागतं, नाहीतर आतून सैल राहतं.

नरसाळ्यानं बेक्कू हैराण झाली होती. दाराला धडकायची, उलटी उलटी चालायची, वाटीतलं पाणी सांडायची. अण्णांना ते बघवेना. मी शाळेत असताना त्यांनी नरसाळं काढून टाकलं आणि आपल्या मऊ जुन्या धोतराची पट्टी फाडून तिच्या पोटाला चांगले तीन वेढे देऊन बांधली. मी आलो तर ते कौतुकानं दाखवत होते, "बघ, आता चाटायचं नाव न्हाय. आन् पोटबी आवळून येतंय." मलाही ते पटलं. मराठी शिकवणारा माणूस मी, मला काय कळणार.

येळवसच्या आदल्या दिवशी पट्टीला ओल दिसली. सोडून पाहिलं तर टाक्यांच्या कडेनं लालभडक झालं होतं, एका जागी फुगवटा. बेक्कूनं हात लावू दिला नाही. ती आमच्यावर कधी गुरकावली नव्हती, त्या दिवशी गुरकावली. मी फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"पोट कुणी बांधलं?"

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "म्या बांधलं बाई. बाळंतिणीचं बांधत्यात तसं."

त्या रागावल्या नाहीत, त्यानं आम्हाला जास्तच लाज वाटली. "काका, ती बाळंत नाही झालेली. तिच्या पोटावर जखम आहे. जखमेला हवा पाहिजे. पट्टी काढा, मी सांगते ते मलम लावा, कॉलर घाला आणि तिच्यावरची नजर हलवू नका. फुगवटा वाढला किंवा पू दिसला तर उचलून तडक इकडं या."

नजर हलवू नका. आणि दुसऱ्या दिवशी येळवस. अख्खं गाव शेतात जाणार, आणि घरचा कर्ता पुरुष पांडवांपुढं आंबील घेऊन उभा नाही असं आमच्या शेतानं कधी पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, तुम्ही जा, मी थांबतो. अण्णा म्हणाले, "तुझ्यावर न्हाय सोडलेली." मग तेच म्हणाले, "हिलाच नेऊ की. येळवसला घरी कुणी ऱ्हात न्हाय."

असं आमचं बिऱ्हाड निघालं. मी गाडीवर, मागं अण्णा, त्यांच्या मांडीवर क्रेट, क्रेटमध्ये नरसाळं. खायचं सगळं शिवलीलाकाकूंनी त्यांच्या टेम्पोतून आणलं होतं. आईविना आमची येळवस कोरडी जाऊ नये म्हणून त्यांनी भज्जीचं पातेलं दुप्पट केलं होतं. नरसाळ्यासकट तिला दिवसभर क्रेटमध्ये कोंबणं शक्य नव्हतं, आणि मोकळं सोडणंही. अण्णांनी वस्तीवरचं कोंबड्या झाकायचं मोठं डालं आणलं, धुऊन उन्हात वाळवलं, कोपीच्या आत सावलीला पालथं घातलं आणि त्याच्याखाली स्वेटरवर बेक्कू. एका बाजूला पाच पांडव, दुसऱ्या बाजूला डाल्याखाली ही.

पाया पडायला येणारी माणसं वाकायची आणि तशीच थबकायची. एका म्हातारीनं पांडवांना कुंकू वाहून झाल्यावर उरलेली चिमूट डाल्यावरही टाकली. "आजारी हाय व्हय? मग तर पयलं हिलाच," म्हणाली. काकूंची नातवंडं डाल्याभोवती उकिडवी बसून बेक्कूला हरभऱ्याचे घाटे दाखवत होती. अण्णा मात्र जेवायलाही पंगतीत बसले नाहीत. ताट घेऊन डाल्यापाशीच बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं काम दरवर्षी त्यांचं, त्यांचा आवाज तीन शेतं ओलांडून जातो. त्या वर्षी ते बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणायचे, "या, जेवा. जरा हळू बोला."

दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. ताईला मुलगी झाली होती. सिझर झालं होतं, पण दोघी सुखरूप. फोन हातोहात फिरला, काकू रडल्या, मी त्या लालबुंद मुठीकडं बघून खुळ्यासारखा हसत राहिलो. मग आई म्हणाली, "बेक्कू कुठं हाय? दाखवा."

अण्णा "बरी हाय, बरी हाय" म्हणेपर्यंत मी डालं जरा वर करून फोन आत फिरवला होता. आईनं तो लालसर भाग पाहिला. काय झालं ते मी सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त अण्णांकडं बघत म्हणाली, "पोट कसं बांधत्यात ते तुम्ही कवा बघितलं हुतं?"

टोमणा नव्हता तो. आईचा आवाज दमलेला होता, रात्रंदिवस लेकीपाशी जागलेल्या बाईचा. पण अण्णांनी मान खाली घातली आणि डाल्याच्या काड्यांवरून बोट फिरवत राहिले.

आईच्या ऑपरेशनची गोष्ट आमच्या घरात अर्धीच सांगितली जाते. मी तान्हा असताना तिनं मुलं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं. गावातल्या आणखी बायकांबरोबर जीपमधून गेली, जीपमधून आली. अण्णा गाडीवर होते. दिवस ज्वारीच्या काढणीचे. टाके निघायच्या आत ती शेतात होती. "एका हातानं टाके धरले आन् एका हातानं ज्वारी उपटली," असं ती हसत सांगायची, ज्वारी पाखडता पाखडता. एवढं वाक्य झालं की अण्णा उठायचे. तंबाखू मळत अंगणात जायचे, आभाळ बघायचे, स्टँडवर जायचे. मग आईही पुढचं सांगायची नाही. मला वाटायचं गोष्ट तेवढीच आहे.

त्या येळवसनंतर अण्णा टपरीवर गेले नाहीत. दिवाणखान्यातली टेबलं-खुर्च्या त्यांनी मला उचलायला लावल्या, मांजराला चढावंसं वाटेल असं काही म्हणून ठेवलं नाही. खाटेवरची गादी खाली आणली. आणि त्या रिकाम्या खोलीत ते भिंतीला टेकून बसले, शेजारी बेक्कू. सुरुवातीला त्यांचा उजवा पाय सारखा हालायचा, ब्रेकवर असल्यासारखा. हळूहळू तो थांबला. मी शाळेतून आलो की ते मला दिवसभराच्या बातम्या द्यायचे. आज उठताना आधी मागचे पाय सरकवले. आज अंग चोरून निजली. आज कूस बदलताना कण्हली. "कण्हली रं. एवढंसं. मला वाटलं मलाच ऐकू आलं." मलम लावताना ते आधी बोटावर तोंडाची वाफ सोडून ते कोमट करायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

एकदा मध्येच म्हणाले, "हिला नुसतं बसून ऱ्हायला मिळायलंय तरी एवढा तरास हुतोय." मी वह्या तपासत राहिलो, पण एकच वही बराच वेळ तपासली.

फुगवटा उतरला. लाली गेली. टाके काढायला पुन्हा त्याच एसटीनं धाराशिवला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, छान सांभाळलंत," तर अण्णांना कुठं बघावं कळेना, ते भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत राहिले. घरी येऊन नरसाळं काढलं. बेक्कूनं आधी स्वतःला कान ते शेपूट असं यथासांग चाटून घेतलं, जणू आठवड्याभराचा मळ आमचाच होता. मग अंगणात गेली, भिंतीकडं पाहिलं, बूड हलवलं. अण्णा ओरडले, "ए, ए!" तोवर ती वर होती. शिवलीलाकाकूंच्या बाजूनं "अय्यो, बेक्कू!" ऐकू आलं. अण्णांनी छातीवर हात ठेवला आणि मग हसू लागले. ते मघाशी सांगितलं तसं हसणं. ते तिथून सुरू झालं.

त्यानंतर बेक्कूला पिल्लं नाहीत. ती लठ्ठ झालीय, उन्हात झोपते, रिकाम्या टोपल्यांत बघत नाही. कधीकधी मला वाटतं, आपण तिच्याकडून काहीतरी घेतलं का? पण मग ती पाय वर करून, पोट उघडं टाकून अशी बिनघोर पसरते की तो प्रश्न मनात फार टिकत नाही.

आई आली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. वाळली होती. पिशव्या ठेवून तिनं पाणीही घेतलं नाही, उंबऱ्यात बसली, तर बेक्कू कुठूनशी येऊन थेट तिच्या मांडीत उलटी झाली. पोटावर कोवळी करडी लव आली होती. आईनं ती बोटानं बाजूला करून टाक्यांची रेघ शोधली. पार बुजून गेली होती. "ब्येस झालंय," म्हणाली. आणि सवयीनं हसत, बेक्कूलाच सांगत असल्यासारखं म्हणाली, "तुला बसायला तरी मिळालं बाई. म्या तर एका हातानं टाके धरले आन् एका हातानं..."

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांची उठायची ही वेळ होती. त्यांचा हात तंबाखूच्या पिशवीकडं गेलाही होता. पण ते पुढं आले आणि उंबऱ्याच्या अलीकडं, आईच्या समोर, तसेच खाली फरशीवर बसले. बेक्कूपाशी बसायचे तसे, भिंतीला पाठ लावून.

"लई दुखायचं का गं?" त्यांनी विचारलं.

आईचा हात बेक्कूच्या पोटावर थांबला. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, हा कोण माणूस आलाय म्हणून बघावं तशी.

"उठून जाणार न्हाय न्हवं?" ती म्हणाली.

"न्हाय."

मग आईनं पदर सारखा केला, बेक्कूला नीट मांडीत घेतलं आणि सांगायला लागली.